खटक्याच्या बाजूने

हल्लीच्या गाण्याच्या यंत्रांना खटका नसतो, ही गोष्ट आपण फार मुकाट्याने सोसली आहे. उद्या गॅसची शेगडी पेटवायला मोबाईल लागू लागला, तर घरोघरच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरतील. नळ सोडण्यासाठी कोणी ईमेलचा पत्ता मागितला, तर चाळीतून फ्लॅटात आलेली आमची पिढी पुन्हा बादल्या घेऊन सार्वजनिक नळावर रांग लावील, पण पत्ता देणार नाही. मात्र साधं गाणं लावायला मोबाईल लागतो, ईमेलचा पत्ता लागतो, वाय-फायचा पासवर्ड लागतो आणि हे सगळं जुळवून देणारा एक भाचा लागतो, याबद्दल कोणाची तक्रार नाही. उलट "काय सोय झालीय, नाही?" असं लोक एकमेकांना कौतुकाने सांगत असतात. म्हटलं, तक्रार आपणच करावी. माझ्या शब्दाला घरातसुद्धा वजन नाही हे खरं. पण तक्रार करण्याचा माझा अनुभव चाळीस वर्षांचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्या वेळी बरंच काही नव्हतं, आणि जे होतं तेही बहुधा बंद असायचं. माझं भांडण नव्याशी नाही. बिनखटक्याच्या नव्याशी आहे.

आमच्या घरातला पहिला रेडिओ व्हॉल्व्हचा होता. तो लावला की आतले दिवे तापायचे, आणि ते तापेपर्यंतचं अर्धं मिनिट सगळी माणसं होमाभोवती बसल्यासारखी गप्प बसायची. मग एक हिरवा डोळा उजळायचा आणि आकाशवाणीची ती ओळखीची धून सुरू व्हायची. ती धून वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या संगीतकाराच्या नावावर आहे, हे मला फार पुढे कळलं. तोपर्यंत ती आमच्याच स्वयंपाकघरात तयार होते अशी माझी समजूत होती. कारण ती वाजायची तेव्हा आई कणीक मळत असायची. त्या रेडिओला दोन कान होते. उजवा पिळला की स्टेशन बदलायचं. डावा पिळला की 'टक्' असा आवाज व्हायचा, रेडिओ सुरू व्हायचा, आणि तसाच पिळत गेलं की आवाज वाढायचा. संपलं शिक्षण! आईचे हात कणकेत असले की ती मनगटाच्या उलट्या बाजूने तो डावा कान फिरवायची. त्या कानाभोवती कणकेचा एक पांढुरका थर जमला होता. पुढे रेडिओ भंगारवाल्याकडे गेला तो त्या थरासकट.

मग ट्रान्झिस्टर आला. मग टेपरेकॉर्डर आला. त्याला ओळीने सहा खटके होते आणि त्यांतला एक तांबडा होता. 'तांबड्याला हात लावायचा नाही' हा त्या यंत्राचा एकमेव नियम. तो आईने एकदाच मोडला. रेडिओवरून उतरवून घेतलेलं एक नाट्यगीत ऐन रंगात आलेलं असताना तिच्या घाईच्या तळहाताखाली तांबडा आणि शेजारचा असे दोन्ही खटके एकदम दाबले गेले, आणि गाण्याच्या मध्यभागी "अगं बाई, दूध उतू गेलं वाटतं!" हा आईचा उद्गार आणि पाठोपाठ "हळू बोल, गाणं चाललंय" हे बाबांचं उत्तर कायमचं नोंदलं गेलं. पुढे कित्येक वर्षं आम्हां भावंडांना ते नाट्यगीत तसंच पाठ होतं. दुसऱ्या कोणाकडे ते ऐकताना दूध उतू गेलं नाही की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

त्यानंतर सीडी आली. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून काढलेली ती चकचकीत चकती जपानात १९८२ च्या ऑक्टोबरात विक्रीला आली. आमच्याकडे यायला तिला आणखी पंधरा वर्षं लागली. पण तिच्याही यंत्राला खटका होता. सांगायचं ते हे, की तबकडी गेली, फीत आली, फीत गेली, चकती आली. पण घरातल्या कोणीही माणसाने उठावं, खटका दाबावा आणि गाणं ऐकावं, या हक्काला कोणी हात लावला नव्हता.

तो आमच्या भाच्याने लावला.

टेपरेकॉर्डरच्या आतल्या रबरी पट्ट्याचा काकवीसारखा चिकट रस झाला होता. सीडीच्या यंत्राचं दार उघडायला चमचा लागत होता. हे पाहून भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं आता भंगारात काढ. दोन छोटे स्पीकर बसवून देतो. ॲम्प्लिफायर आतच, डॅक आतच. वायर नाही, काही नाही."

"डॅक म्हणजे?"

"आकड्यांचा परत आवाज करतो तो."

"आणि आवाजाचे आकडे आधी कोणी केले?"

"रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी."

"मग त्यांनीच ते परत करून का दिले नाहीत?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. ज्या घरात आपली आई वाढली त्याच घरात हाही गृहस्थ वाढला, याचं आश्चर्य त्याच्या चेहऱ्यावर होतं. खरं तर सावध व्हायला हवं होतं ते मी. 'वायर नाही, काही नाही' यातलं 'काही नाही' किती मोठं आहे ते मला कळलं नाही.

आठवड्याभरात लोणच्याच्या बरणीएवढे दोन पांढरे ठोकळे घरी आले. बिनतारी म्हणून आलेल्या त्या ठोकळ्यांना विजेच्या दोन तारा होत्या, त्या पोहोचाव्यात म्हणून एक एक्स्टेंशन बोर्ड होता, आणि वाय-फायची पेटी जवळ हवी म्हणून तिची एक तार बैठकीच्या खोलीत आली होती. पूर्वी आमच्याकडे एकच तार होती. आता बिनतारी झाल्यामुळे चार झाल्या.

मग ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. भाच्याने भूमिती सुरू केली. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, वरच्या पट्टीचा छोटा कर्णा कानाच्या उंचीवर हवा, आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात सारायचा नाही, कारण कोपऱ्यात खर्ज घुमतो. हे सगळं शास्त्रशुद्ध आहे, आणि मी करूनही पाहिलं; फरक खरोखरच पडतो. तानपुरे मागे जातात, तबला उजवीकडे बसतो आणि गवई मधोमध येऊन गातो. फक्त आमच्या घरात देवघर, फ्रीज, कपाट आणि चपलांचा रॅक यांनी आपापल्या जागा तीस वर्षांपूर्वीच धरलेल्या असल्यामुळे, त्या समभुज त्रिकोणाचा तिसरा कोन बरोबर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आला. तिथे ही भाजी निवडायला बसते. तेव्हा आमच्या घरात खरा स्टिरिओ गेलं दीड वर्ष फक्त गवारीच्या शेंगांना ऐकू येतो. मी आरामखुर्चीत बसून डाव्या स्पीकरचं ऐकतो.

पण इथवर काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती भाचा गेल्यावर. मी ठोकळ्याला चहूबाजूंनी चाचपून पाहिलं. वर पाहिलं, मागे पाहिलं, उलटा केला. खटका नाही. पोटाशी एक छोटा दिवा तेवढा होता. भाच्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, सगळं ॲपमध्ये आहे." ॲप उघडलं. त्याने नाव विचारलं, ईमेल विचारला, जन्मतारीख विचारली आणि मग माझा ठावठिकाणा सारखा पाहत राहण्याची परवानगी मागितली. गाण्याला माझा ठावठिकाणा कशाला हवा हो? मी घरात आहे म्हणूनच तर गाणं लावतोय! सोयरीक जुळवतानासुद्धा हिच्या वडिलांनी इतकी चौकशी केली नव्हती. केली असती तर दोन्ही घरांचं भलं झालं असतं.

बरं, एवढी माहिती देऊन ओळख पटते म्हणावं, तर तेही नाही. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजावरून ठेवलंय म्हणतात. त्याने विखुरलेल्या टोळ्या जोडल्या, म्हणून दोन यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला त्याचं टोपणनाव. राजा पराक्रमी असेल. पण त्याला आमच्या इमारतीतले दोन मजले वेगळे ओळखता येत नाहीत. एका गुरुवारी दत्ताच्या आरतीनंतर मी डोळे मिटून बसलो होतो, तोच स्पीकरमधून धीरगंभीर आवाज आला : "हा शेअर आजच विकून टाका!" क्षणभर मला साक्षात्कारच वाटला. मागाहून कळलं, वरच्या मजल्यावरच्या तरुणाचा मोबाईल चुकून आमच्या स्पीकरशी जोडला गेला होता. मी शेअर विकला नाही. तो पुढे पडला, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणात मला दोन आघाड्यांवर लढावं लागतं. पहिली आघाडी तबकडीवाल्यांची. पलीकडच्या इमारतीत एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांच्याकडे जुनी लाँगप्ले तबकड्यांची थप्पी आहे आणि ती पुसायला जपानी ब्रश आहे. माझं गाऱ्हाणं ऐकून ते म्हणाले, "अहो, मुळात डिजिटल हेच थोतांड! आवाजाचे तुकडे करतात हो, तुकडे! सेकंदाला ४४,१००! तुकड्यांत कुठे सूर राहतो?"

माझ्या बाजूने बोलणाऱ्याला खोडून काढणं जिवावर येतं. पण खरं ते खरं. दोन ठिपके दिले की त्यांतून सरळ रेषा एकच जाते, हे आपण शाळेत मान्य केलंय. मधली रेषा 'गहाळ' झाली म्हणून तिथे कोणी रडत नाही. आवाजाच्या लाटेचंही काहीसं तसंच आहे. लाटेतल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा तिची उंची मोजली, तर त्या मोजमापांतून तीच लाट परत उभी राहते, दुसरी नाही. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट ४०,०००. सीडीवाल्यांनी मोजली ४४,१००, आणि प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्या दिल्या. शिवाय वय वाढतं तसा कान वरून वरून मिटत जातो. आमच्या या इंजिनियरसाहेबांना दाराची घंटा ऐकू येत नाही. तबकडीतला 'उबदारपणा' मात्र बरोबर ऐकू येतो. त्या उबेत तबकडीची खरखर बरीच असते. तेव्हा आकडे निर्दोष आहेत, असं माझं मत आहे. आकड्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. केलंय ते आकड्यांच्या मालकांनी.

ही दुसरी आघाडी. यांच्याशी भांडण मोठं आहे.

हे म्हणतात, "कशाला जपायच्या त्या कॅसेटी? महिन्याला थोडे पैसे टाका, जगातलं सगळं संगीत तुमचं." तुमचं? माझ्या यादीतली तीन गाणी एका सकाळी करडी पडली. दाबलं तर वाजेनात. विचारपूस केली तेव्हा कळलं, की कंपनी आणि गाण्याचे हक्कदार यांच्यातला करार संपला. म्हणजे वाण्याकडून आणलेली तूरडाळ, वाण्याचं आणि दलालाचं बिनसलं म्हणून आमच्या डब्यातून रात्रीत नाहीशी व्हावी, त्यातला प्रकार. पूर्वी रेडिओ ऐकायला सरकारचं लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत, आणि त्याच्या नावाने आम्ही सरकारला शिव्या देत असू. ऐंशीच्या दशकात ते लायसन्स गेलं. आता दरमहा भरतो, आणि शिव्या द्यायच्या कोणाला तेही कळत नाही.

तरी पैशाचं सोडा. यांना गाणंच कळत नाही. यांच्याकडे 'शफल' म्हणून एक युक्ती असते. तिने गाणी पिसली जातात. पत्ते पिसावेत, भांडायला मजा येते. पण गाणी? मी एका सकाळी यमनाच्या आशेने नव्हे, चुकूनही नव्हे, सरळ तोडी लावली. आधी छोटा ख्याल आला. मध्येच एका विम्याची जाहिरात आली. मग त्याच तोडीचा बडा ख्याल आला. म्हणजे आधी बारसं, मग विम्याचा एजंट, मग लग्न! आणि त्यावर कळस म्हणजे पाठोपाठ भैरवी. मैफलीत भैरवी सुरू झाली की माणसं चपला शोधू लागतात, हे या यंत्राला कोण सांगणार? मी मात्र सवयीने उठलो आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर भैरवीनंतर मारुबिहाग चालू होता. सकाळी साडेसातला!

आणि नावं? तबकडीच्या पाकिटावर मागे, बारीक अक्षरांत का होईना, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे छापलेलं असे. आता पडद्यावर गाण्याचं नाव 'ट्रॅक ०१' आणि गाणाऱ्याचं 'अननोन आर्टिस्ट'. माझ्या संग्रहात सर्वांत जास्त गाणी या अननोन आर्टिस्ट यांचीच निघाली. थोर कलावंत! ते पुरुषाच्या आवाजात गातात, स्त्रीच्या आवाजात गातात, सनई वाजवतात आणि कीर्तनही करतात. राग कोणता याचा कप्पा नाही, ताल कोणता याचा कप्पा नाही. 'मूड' म्हणून मात्र कप्पा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा तीनेक मिनिटांचं गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला ही कोणाची तबकडी ते कळावं, म्हणून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, कर्ण्यात तोंड घालून गाणाऱ्या बाईंना जी काळजी होती, ती आजच्या एवढ्या हुशार यंत्राला नाही. त्यांचं नाव त्यांच्या आवाजातच कोरलेलं आहे, म्हणून टिकलं. नाहीतर त्याही अननोन आर्टिस्टच झाल्या असत्या.

आता मूळ गाऱ्हाण्याकडे येतो. ते सांगताना मला हसू येत नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो.

स्पीकर आल्यावर भाच्याने आजीला सांगितलं होतं, "आजी, तू नुसतं बोल, तो लावेल." आई १९५८ सालची मॅट्रिक. परक्याशी नीट बोलावं, ही त्या काळची शिस्त. आतून बाईचा आवाज येतो म्हटल्यावर ती स्पीकरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाळ, वेळ असेल तर जरा अभंग लावतेस का?" त्या बाळाने विचार केला आणि कुठल्यातरी इंग्रजी गाण्याचा असा काही ढणढणाट सुरू केला, की देवघरातली समई हलली. 'अभंग'मध्ये तिला 'बँग' ऐकू आलं असावं. आई दोन पावलं मागे सरली. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मीही हसलो. आईही हसली.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मला पहाटेची गाडी पकडायची होती. सहाला स्वयंपाकघरात गेलो. आई कणीक मळत होती. घरात चिटपाखराचा आवाज नव्हता. माझ्या जन्मापासून त्या वेळी, त्या घरात मी कधी अशी शांतता ऐकली नव्हती.

"आई, गाणं नाही लावलंस?"

"अरे, तू झोपलेला असतोस. त्याला तुझा फोन लागतो ना."

"मग घ्यायचा माझा फोन."

"घेतला होता एकदा. त्याला तुझा अंगठा लागतो."

आमच्या आजोबांच्या काळी लिहितावाचता न येणारा माणूस कागदावर अंगठा उठवायचा, आणि त्याच्या अंगठ्यावर सावकार त्याचं घर घ्यायचा. माझी आई मॅट्रिकला गणितात पहिली आलेली. तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात अभंग ऐकायला मुलाचा अंगठा लागत होता. तीन महिने ती गप्प होती, आणि मी त्या तीन महिन्यांत तानपुरे कसे मागे जातात हे चार पाहुण्यांना ऐकवून दाखवलं होतं. तिने तक्रार केली नाही. म्हणून ही मी करतोय.

गाडीत बसल्याबसल्या भाच्याला फोन केला. म्हटलं, "मला खटका पाहिजे." आवाज जरा चढला असावा. खटका जाऊन घरात खटके उडू लागले होते, ते असे. पण पोरगा गुणी. पुढच्या रविवारी तो खिशातून पत्त्याच्या कॅटाएवढी एक हिरवी पाटी घेऊन आला. रास्पबेरी पाय असं तिचं नाव. २०१२ साली मुलांना संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडात निघालेला हा स्वस्त संगणक. त्यावर त्याने आपला तो डॅक बसवला. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला फोडणीच्या वासासकट माळ्यावरून खाली काढलं. त्याला आवाजाचा गोल कान आहे. सगळं एका सॉकेटवर जोडलं आणि असं बसवलं, की भिंतीवरचा खटका दाबला की हिरव्या पाटीने जागं व्हायचं आणि कोणालाही काहीही न विचारता पहिलं गाणं लावायचं. एकदम वीज बंद केली तर आतल्या कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो, म्हणून ते कार्ड त्याने फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. आता आईने कितीही वेळा खटका टाकावा, काढावा. बिघडायला तिथे काही नाही. ईमेल नाही, ठावठिकाणा नाही, शफल नाही. हे 'काही नाही' मला पसंत पडलं.

गाणी मी भरली. सीडी भराभर झाल्या. एका सीडीवर ७०० मेगाबाइटच्या आसपास माल असतो, तो 'फ्लॅक' पद्धतीने घडी घातला की एकही सूर न गाळता साधारण निम्म्या जागेत बसतो. कॅसेटींनी मात्र घाम काढला. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ही कॅसेट स्वभावाने जुन्या वळणाची. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. ती समोर बसवून घेते, आणि घाई केलेली तिला चालत नाही. शिवाय कितीतरी पावसाळे खाल्ल्याने काहींवर बुरशी होती, काहींची फीत पेन्सिलीने गुंडाळावी लागली. दुरुस्त करून आणलेल्या टेपवर रोज रात्री एक, असं करत पाच महिने गेले. या पाच महिन्यांत मी जेवढं गाणं ऐकलं, तेवढं जगातलं सगळं संगीत 'माझं' असताना वर्षभरात ऐकलं नव्हतं. नावं मी स्वतः टंकली. राग, ताल, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण. अननोन आर्टिस्ट यांना निरोप दिला.

आणि एका रात्री ती कॅसेट आली. नाट्यगीत रंगात आलं, आणि खट् असा आवाज होऊन आई म्हणाली, "अगं बाई, दूध उतू गेलं वाटतं!" मागून बाबा म्हणाले, "हळू बोल, गाणं चाललंय." बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मामा, एवढा तुकडा कापून टाकू? गाण्याची चांगली प्रत मिळेल नेटवर." मी त्याला काही बोललो नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "नको, राहू दे." मघाशी पोरगा गुणी म्हणालो, ते यासाठी. सेकंदाला ४४,१०० मोजमापांत बाबांचं ते एक वाक्य जसंच्या तसं उतरलं आहे. तुकड्यांत सूर राहत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन ऐकावं. आणि जगातलं सगळं संगीत आमच्याकडे आहे म्हणणाऱ्यांनी आपल्या यादीत शोधून पाहावं.

तेव्हा यंत्रं करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमचे ठोकळे अजून लहान करा, आवाज अजून गोड करा, आकडे हवे तेवढे वाढवा. पण बाहेरून एक खटका ठेवा, कणकेच्या हाताने दाबता येईल असा. त्याच्याशेजारी आवाजाचा एक कान ठेवा, तो मनगटाने फिरला पाहिजे. आम्ही विकत घेतलेलं गाणं आमच्याकडेच राहू द्या, आणि गाणाऱ्याचं नाव पुसू नका. घरातल्या एकाच माणसाच्या खिशात ज्याची किल्ली असते, त्याला तिजोरी म्हणतात. गाण्याची तिजोरी करू नका हो!

आमच्याकडे परवाच्या दसऱ्याला आईने भिंतीवरच्या त्या खटक्याला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल चिकटवलं. खटका दाबल्यावर हिरव्या पाटीला जागं व्हायला अर्धं मिनिट लागतं, तेवढा वेळ ती परातीसमोर नुसती बसून असते. पूर्वी दिवे तापेपर्यंत बसायची तशीच.

फक्त एक बारीकशी अडचण उद्भवली आहे. हल्ली आईला पहाटे पावणेपाचलाच जाग येते. वयामुळे तिला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे कान बराच पिळलेला असतो. मी उशीखाली डोकं घालून पडतो. भाच्याला हळूच विचारलं, "अंथरुणातून आवाज कमी करायची काही सोय आहे का रे? मोबाईलवरून वगैरे?"

तो म्हणाला, "आहे की. एक ॲप टाकावं लागेल."